दुपारी उमलणारी फोडशी

आपा, तू गेलीस त्या दिवशी मला धड रडताही आलं नाही. अडवलं कुणीच नाही. पण रेवदंड्याच्या तुझ्या घरात इतक्या बायका इतक्या हळू आवाजात कुराण पढत बसल्या होत्या, की माझ्यासारखी हंबरडा फोडणारी बाई दारातच गप्प झाली. तुझ्या हाजराभाभीनं माझा हात धरून मला तुझ्यापाशी नेऊन बसवलं. थोड्या वेळानं पुरुषांनी तुला उचललं. बायका दारापर्यंत, मीही दारापर्यंत. महाडला माझ्या आईला मी खांदा दिला होता, सगळ्या वस्तीसमोर. इथे उंबऱ्याच्या आत उभी राहून तुझी पाठमोरी माणसं बघत राहिले. खरं सांगू? मला तुझा राग आला होता. भांडण अर्धं टाकून असं कुणी उठून जातं का गं?

आणि भांडण तरी कशावरून! लोकांना सांगायला गेले तर हसतील. एका रानभाजीवरून.

तुला आठवतं, मी तुझ्या वर्गात आले तेव्हा तुला ‘मॅडम’ म्हणायचे. पहिल्याच महिन्यात तू मला पुस्तकातला उतारा मोठ्यानं वाचायला लावलास आणि ‘जाती’ या शब्दापाशी मी अडखळले. त्या पुस्तकात वनस्पतींच्याही जातीच होत्या. पंचवीस पोरं माझ्याकडे बघतायत असं मला वाटलं. फळ्यावरही तू तोच शब्द लिहिला होतास. तो तू डस्टरनं पुसलास, ‘प्रजाती’ लिहिलंस आणि शिकवत राहिलीस. वर्गात कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्यानंतर कधीतरी मी तुझ्या घरी आले तर म्हणालीस, “मॅडम कॉलेजात. इथे आपा. आणि आपाला कुणी अहो-जाहो करत नाही.” एवढ्यावर मी आयुष्यभर तुझ्यामागे फिरले, आणि फिरले त्याचं मला आजही काही वाईट वाटत नाही.

तर ती फोडशी. पावसाच्या सुरुवातीला बाजारात जुड्या येतात ती, गवतासारखी लांब पानं असलेली. कोकणात कुणाला सांगायला नको. पण हरिहरेश्वरच्या वरच्या अंगाला, तुझ्या आजोळच्या सड्यावर तुला एक वेगळीच फोडशी दिसली होती. सडा म्हणजे नुसता जांभ्या दगडाचा माळ. उन्हाळ्यात पाय भाजतात आणि पावसात त्याच्या खळग्यांत पाणी साचून फुलंच फुलं होतात. तिथे ओल्या खळग्यांच्या काठाला साधी फोडशीही होती आणि तुझीही. साधी सकाळी उमलायची आणि दुपारपर्यंत मिटायची. तुझी दुपारी तीननंतर डोळे उघडायची. पानाची कड जराशी तांबूस, मुळांना गाठी नाहीत. बाकी सगळं सारखं. तू म्हणायचीस, ही वेगळी प्रजाती आहे, अजून हिला कुणी नाव दिलेलं नाही. दुसऱ्या कुठल्याच सड्यावर ती तुला सापडली नव्हती.

त्या सड्यावर मला तू घेऊन गेलीस तो दिवस माझ्या आयुष्यातला चांगला दिवस होता, आपा. तुझी स्कूटर, आगरदांड्याहून दिघीची फेरीबोट, माझ्या मांडीवर पानं सुकवायच्या सिलिका जेलचा डबा. सड्यावर इतका वारा की छत्री उलटी झाली आणि तू ती रागानं फेकून दिलीस. मग आपण प्लॅस्टिकच्या कागदाखाली गुडघे पोटाशी घेऊन बसलो, भाकरी आणि सुकटीची चटणी खात. साधी फोडशी मिटून गेली होती. तू एकसारखी घड्याळाकडे बघत होतीस, पोरीच्या लग्नात वऱ्हाडाची वाट बघणाऱ्या आईसारखी. आणि एकदम म्हणालीस, “बघ, बघ, बघ!” पांढरी फुलं उमलत होती. सगळी नाही, एकेक. मी टाळ्या वाजवल्या. तू रडत होतीस आणि पाऊस लागतोय म्हणून डोळे पुसतेय असं दाखवत होतीस.

नुसतं फूल दुपारी उमलतं म्हणून नवी प्रजाती कोण मान्य करणार? तेव्हा तूच म्हणालीस, “सुजू, तुझ्या प्रयोगशाळेत ती डीएनए वाचायची मशिनं आहेत ना मुंबईला, बघ काय म्हणतायत.” मी म्हणाले, करू. पानाला हिरवं करणारे पेशीतले कण असतात, हरितलवक. त्यांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो. तो वाचायला सोपा, स्वस्त, आणि दोन प्रजातींत तो बहुतेकदा वेगळा सापडतो. पुष्कळ लोक तिथूनच सुरुवात करतात. आम्हीही केली.

आता तुझी पद्धत. तुझ्या गुरुजींनी तुला शिकवलेलं, आणि तू आम्हा सगळ्यांच्या डोक्यात हातोडीनं ठोकलेलं: तुलना करायची तर शेजारी शेजारी उगवलेली झाडं घ्यायची. एकाच खळग्यातली, एकाच मातीतली, एकाच उन्हातली. म्हणजे फरक दिसला तर तो मातीचा नाही, झाडाचाच आहे हे पक्कं. तू त्याला ‘जोडीनं घेणं’ म्हणायचीस. सड्यावर आपण जोडीनंच घेतली सगळी पानं. एक तुझ्या फोडशीचं, एक हातभर अंतरावरच्या साध्या फोडशीचं. पुढच्या खळग्यावर पुन्हा तसंच. डोळ्यांनी बघायचं असतं तेव्हा याहून चांगली पद्धत नाही, हे मी आजही माझ्या विद्यार्थ्यांना शिकवते.

आणि उत्तर आलं: सारखं. प्रत्येक जोडीत, अक्षर न् अक्षर सारखं.

मी फोनवर सांगितलं तेव्हा तू नुसतं “अच्छा” म्हणालीस. मला वाटलं, वाद घालशील, मशीन बिघडलंय म्हणशील. चार दिवसांनी कळलं की नवी प्रजाती म्हणून लिहिलेला तुझा लेख तू नियतकालिकाकडून परत मागवलास. तो लेख किती वर्षं तू लिहीत होतीस, आपा! तपासणीला गेला होता, दोन जणांनी चांगला म्हटलं होतं. परत मागवला! मी तशीच भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडली, रेवसला उतरले, एसटीनं रेवदंड्याला आले आणि तुझ्या ओटीवर चपला काढायच्या आधीच सुरू झाले.

“आपा, तुझं डोकं फिरलंय का? हरितलवक आईकडून येतं. फक्त आईकडून. परागातून येत नाही. ही अर्धीच गोष्ट आहे.”

“अर्धी का होईना, खरी आहे ना?”

“अगं, कधी काळी तुझ्या फोडशीचा पराग चुकून साधीवर पडला असेल. ढगाळ दिवशी वेळा चुकतात, दोन्ही एकदम उघड्या राहतात. त्यातून झालेल्या पोरीवर पुन्हा तुझ्या फोडशीचा पराग, तिच्या पोरीवर पुन्हा. असं होत होत झाड अंगानं, स्वभावानं पूर्ण तुझ्या फोडशीचं झालं आणि हरितलवक राहिलं त्या पहिल्या आईचं. शेजारपाजारच्या झाडांत हे होतंच. आणि आपण घेतली ती सगळी शेजारचीच!”

“म्हणजे पद्धत चुकली म्हणतेस.”

“या कामाला चुकली. केंद्रकातला डीएनए बघू दे मला. त्यात आईचंही असतं, बापाचंही.”

तू चहा पुढे केलास. मग जे बोललीस ते मला तोंडात मारल्यासारखं लागलं. “आणि त्यातही सारखं आलं तर? मग तिसरं काहीतरी बघशील. मला हवं ते उत्तर येईपर्यंत मशीन फिरवत बसायचं? तोबा! मी पोरांना काय शिकवलं मग? निकाल आपल्याविरुद्ध गेला तर गपचूप मान्य करायचा, हेच ना?”

आपा, तुझ्या त्या प्रामाणिकपणाला हात जोडावेत की त्याला चुलीत घालावं, मला अजून ठरवता येत नाही. तेव्हाही आलं नव्हतं. तू मला गप्प केलंस, कारण तुझं म्हणणं चुकीचं नव्हतं. फक्त या एका ठिकाणी चुकीचं होतं, आणि ते दाखवायला माझ्या हातात काहीही नव्हतं. कॉलेजात तू तुझ्या प्रत्येक वाळवलेल्या नमुन्यावर साध्या फोडशीच्या नावाची चिठ्ठी चिकटवलीस. अक्षर नेहमीसारखं सुंदर. मला त्या चिठ्ठ्या बघवेनात.

पुढच्या पावसात तू मला जेवायला बोलावलंस. परसदारी, वाडीत, सुपारीच्या सावलीला तू ती सड्यावरची फोडशी कुंड्यांत लावली होतीस. मी आले तर कुंड्या रिकाम्या आणि तू ओट्यावर पानं निवडत बसलेली. “आपा, हे काय केलंस?” तू शांतपणे म्हणालीस, “साधी फोडशीच आहे ना, मग खाऊया. कोवळी आहे तोवर बरी लागते.” मुळं तू वाडीतल्या खतखड्ड्यात टाकली होतीस. दोघींना पुरायची नाही म्हणून बाजारातनं आणखी एक जुडी आणली होतीस. कांदा, सुक्या कोळंबीचे सोडे, लसूण. हाजराभाभीनं गरम तांदळाच्या भाकऱ्या टाकल्या. आणि आपण जेवलो. मी दोनदा वाढून घेतली. तू त्या दिवशी इतकी हसत होतीस, कॉलेजातले जुने किस्से सांगत होतीस, मला वाटलं, चला, सुटली एकदाची त्यातून. तू सुटली नव्हतीस. तू स्वतःला शिक्षा करून घेत होतीस, हे मला तेव्हा कळायला हवं होतं की नको, हे आता विचारून तरी काय उपयोग?

जाताना मी बाजारातल्या जुडीतलं एक पान सिलिका जेलमध्ये टाकलं. सवय. तू म्हणालीस, “भाजीचाही डीएनए काढणार का आता?” काढला. बाजारातली साधी फोडशी आणि सड्यावरची साधी फोडशी यांचं हरितलवक वेगळं निघालं! दोन्ही साध्या, दोघी सख्ख्या, तरी वेगळं. मी लगेच फोन केला. “आपा, ऐक. हरितलवक जागेप्रमाणे बदलतंय, प्रजातीप्रमाणे नाही. तुझ्या हिशेबानं तर आता साध्या फोडशीच्याच दोन प्रजाती करायला लागतील!” तू म्हणालीस, “जुडी कुठनं आली, कुणी उपटली, माहीत आहे? बाजारातल्या जुडीला पुरावा म्हणतेस? मी तुला असं शिकवलं?” डोंबल तुझं शिकवणं. मी फोन आपटला.

मग त्या हिवाळ्यात सडा विकला गेला. मालक कुठेतरी परगावी, घेणारे त्याहून लांबचे. जांभ्याचे चिरे काढायचं यंत्र चढलं वर. कागदोपत्री ती पडीक जमीन, तिथे कुणाला काय विचारायचं? मी तुला म्हणाले, अर्ज कर, तहसीलदाराकडे जा, वनखात्याकडे जा, जगात दुसरीकडे कुठेच नसलेलं झाड आहे म्हणून सांग. तुझं ऐकलं असतं लोकांनी. निम्मे कारकून तुझे विद्यार्थी. तू म्हणालीस, “कशाच्या जोरावर सांगू, सुजू? साध्या फोडशीसाठी कोण काम थांबवेल? मी खोटं बोलू?” आणि तू गेली नाहीस. त्या दिवसापासून आपण फोडशीबद्दल बोलणं सोडलं. ईदला शिरखुर्मा पाठवलास, मी डबा धुऊन परत पाठवला, तब्येत विचारली, बास.

तुला न सांगता मी काम काढलं. जुन्या नळ्यांतला डीएनए होताच, सड्यावरच्या जोड्यांचा आणि त्या बाजारातल्या पानाचा. केंद्रकातलं वाचायला वेळ लागतो, मशीन रिकामं मिळत नाही, माझी स्वतःची कामं होतीच. उन्हाळाभर चाललं. मी मनाशी ठरवलं होतं, सारखं आलं तर तुला कधीच सांगायचं नाही. वेगळं आलं तर तुझ्यासमोर कागद आपटायचा आणि तुझं तोंड बघायचं. बस्स, मला तेवढंच हवं होतं गं. तुझं तोंड बघायचं होतं.

पावसाच्या आधी तुला झटका आला. हाजराभाभीचा फोन आला तेव्हा मी लाँचच्या रांगेत होते. अलिबागच्या दवाखान्यात तुला काही ऐकू येत होतं का, कुणालाच सांगता आलं नाही. मी तुझ्या कानाशी वाकून काय सांगणार होते? माझ्याकडे तेव्हा सांगायला काहीच नव्हतं. निकाल यायचा होता. मी म्हणाले, “आपा, थांब जराशी.” तू थांबली नाहीस.

तुझा चाळिसावा दिवस अजून व्हायचा आहे आणि निकाल आला.

मी हरिहरेश्वरला गेले. आधी सड्यावर. सडा कुठे आहे, आपा? पाट्या लागल्यात, आखून घेतलेले चौकोन आहेत आणि त्यांच्यामध्ये सरळ उभे कापलेले खड्डे, आत लाल पाणी. मी त्या पाण्याच्या काठाकाठानं फिरले. एका बाजूला थोडा जुना दगड शिल्लक होता, त्यावर गवत होतं, तेरडा होता, साधी फोडशीही होती. तीन वाजले, चार वाजले, पाच वाजले. एकही फूल उमललं नाही. तिथला रखवालदार दोनदा विचारून गेला, “काय हरवलं काय, ताई?” मी म्हणाले, हो.

दुसऱ्या दिवशी तिथून तुझ्या घरी आले आणि कुणाला न विचारता सरळ वाडीत गेले. खतखड्ड्यात टाकलेल्या मुळांतलं एखादं जगलं असेल, एवढीच काय ती आशा. काठी घेतली, मग हातांनीच उकरायला लागले. नारळाची सालपटं, माशांचे काटे, कुजलेली झावळं. मुळं नव्हती. मी कोपरापर्यंत आत हात घातला. पावसानं चिंब झाले होते, आणि तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं, आपा. तुझ्या मयताला आलं नाही तसं. त्या घाणीत बसून धाय मोकलून रडले.

हाजराभाभी मागच्या दारातनं धावत आली. “अगो, काय शोधतेस? सोन्याबिन्याची कायतरी वस्तू पडली का?”

मी तिला सगळं सांगितलं. म्हणजे जमेल तसं. फोडशी, सडा, कुंड्या, भाजी. ती माझ्या शेजारी उकिडवी बसली, डोक्यावरची ओढणी भिजत होती तिची. ती ऐकत होती.

मग म्हणाली, “ती जायच्या आधी एकदा बोलली व्हती माझ्याजवळ. म्हणाली, भाभी, मी उगाचच त्या सड्यावर चढले गं एवढी वर्सं. माझे डोळेच वाईट.”

मी म्हणाले, “नाही हो भाभी, तिचे डोळे वाईट नव्हते. तिला दिसलं तेच खरं होतं. माझ्याकडे आहे सगळं, मी आणलंय.”

हाजराभाभीनं माझ्या तोंडावरचा चिखल ओढणीच्या टोकानं पुसला. “मला काय सांगतेस बाय,” ती म्हणाली, “मला न्हाय कळत त्यातलं. तिला सांग.”

म्हणून सांगते, आपा. तिथे उंबऱ्याच्या आत उभी राहून नाही सांगता आलं, तर इथे सांगते. केंद्रकातल्या डीएनएत सड्यावरची साधी फोडशी आणि बाजारातली साधी फोडशी शेजारी शेजारी बसल्या आणि तुझी त्यांच्यापासून लांब, अगदी लांब बसली. शंकेला जागा नाही. तू चिठ्ठ्या चिकटवलेल्या त्या नमुन्यांवरून मला तिला नाव देता येईल, नियमात बसतं ते. लोक लेख वाचतील आणि विचारतील, जिवंत झाड कुठे बघायला मिळेल? मला लिहावं लागेल की त्यातली काही आम्ही दोघींनी सोडे घालून खाल्ली, आणि उरलेली जिथे होती तिथून चिरे निघाले.

तू बरोबर होतीस, आपा. ती वेगळी होती. ऐकतेस ना? ती होती.